प्रेअरीला जायची तयारी

जर्मनीत नेकारसुल्मच्या ज्या घरात मी भाड्यानं राहत होतो, तिथं दिवस उजाडायचा तो कॉफी दळण्याच्या आवाजानं. लीनाआत्या खुर्चीच्या कडेवर बसून लाकडी चक्की दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायची आणि मूठ फिरवायची. तो घरघराट जिना चढत माझ्या माळ्यावरच्या खोलीत यायचा. अर्धवट झोपेत मला वाटे, आई दळायला बसली. मग कॉफीचा वास यायचा आणि आपण सांगोल्यापासून किती लांब आहोत हे आधी नाकाला कळायचं. लीनाआत्या हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. तोंडावर मी तिला फ्रॉइलाइन आयझेले म्हणे, कारण साठी ओलांडली तरी तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्या काळी तिकडे अशा बाईला फ्रॉइलाइनच म्हणत. घराचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, आयझेले हे तिचे थोरले भाऊ. युद्ध संपल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांची बायको गेली, तेव्हा भावाचं घर सांभाळायला म्हणून ती आली आणि तिथलीच झाली. आयझेल्यांचा एकुलता एक मुलगा वेर्नर कॅनडात होता. त्याला तिनंच वाढवलं होतं. म्हणून माझ्या लेखी ती आत्या.

मी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात प्राक्टिकांट होतो, म्हणजे शिकाऊ इंजिनिअर. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, आजोबा मेंढरं घेऊन माळ तुडवणारे धनगर. भीमेवरची नाव सोडली तर माझ्याआधी आमच्या घरात कोणी बोटीत पाय ठेवला नव्हता. शिष्यवृत्ती मिळाली, गावानं हार घातले, आणि मी द्राक्षमळ्यांच्या उताराला टेकलेल्या त्या घरात येऊन पडलो. शनिवारी जेवायला मसूर आणि स्पेट्झले असत. ओलसर पीठ लाकडी पाटीवर पसरायचं आणि सुरीनं खरवडत उकळत्या पाण्यात सोडायचं, की जाड्याभरड्या शेवया होतात. मसुरात मात्र व्हिनेगर ओततात. पहिल्या शनिवारी ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लीनाआत्यानं विचारलं काय झालं, तर मी सांगितलं की घरी यात तिखट असतं. पुढच्या शनिवारपासून माझा लाल तिखटाचा डबा टेबलावर मिठाच्या शेजारी बसला. हेर आयझेल्यांनी एकदा त्यातलं चिमूटभर घेतलं आणि नंतर अर्धा तास ते कोणाशी बोलले नाहीत.

एरवीही ते फार बोलत नसत. आमच्याच कारखान्यात लेथ विभागाचे मुकादम म्हणून निवृत्त झालेले, उंच, थोडे वाकलेले. मिलिमीटरच्या दहाव्या भागावर आयुष्य काढलेला माणूस. 'साधारण' हा शब्द त्यांना चालत नसे. किती वाजता येणार म्हणून विचारलं आणि मी 'सहाच्या सुमारास' म्हटलं, की ते वाट पाहत उभे राहत: सहा म्हणजे सहा की सहा-दहा? त्यांचा एकच शौक, शरदात पक्ष्यांच्या शिकारीला जाणं. स्वतःचं रान नव्हतं. खालच्या आळीतला एक द्राक्षवाला त्यांना पाहुणा म्हणून न्यायचा. कापणी झालेल्या शेतांतून कुत्री पुढे सोडायची, तिनं वास घेऊन एक पाय उचलून थबकायचं, की मग धसकटांतून रेबहुनांचा थवा भुर्रकन उठायचा. रेबहून म्हणजे आपल्या तितराचाच भाऊबंद, अंगानं गोल, रंगानं करडा. पण शेतं मोठी होत चालली होती, बांध मोडत होते आणि पक्षी दर साली कमी दिसत होते. मी गेलो त्या वर्षी ते दोन दिवस फिरले आणि रिकाम्या हातानं परत आले. बूट पुसत म्हणाले, "आल्झो," म्हणजे 'तर मग', "संपलं आता."

त्याच हिवाळ्यात वेर्नरचं पत्र आलं. तो आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता, सस्कॅचवान नावाच्या प्रांतात. आधी एका गहूवाल्याकडे गडी म्हणून राबला, मग त्याचीच मुलगी केली. तिचं नाव जीन. तिला जर्मनचा गंध नव्हता, म्हणून वेर्नरच्या पत्रात तिचं एक पान इंग्रजीत असायचं आणि ते वाचून दाखवायचं काम माझं. वेर्नरनं लिहिलं होतं की इथल्या प्रेअरीवर, गव्हाच्या धसकटांत, रेबहून आहेत. कोणे एके काळी कोणीतरी हंगेरीतून आणून सोडले, ते इथे रुजले आणि मैलच्या मैल पसरले. 'बाबा, तुम्ही सप्टेंबरात या. माझ्यासारखेच हे इथे परके होते, आता इथलेच झालेत.' हेर आयझेल्यांनी ते पत्र जेवणाच्या टेबलाशी दोनदा वाचलं, घडी घातली आणि लीनाआत्याला विचारलं, "माझी मोठी ट्रंक कुठे आहे?"

मागाहून भांडी पुसताना आत्यानं मला सांगितलं की वेर्नर निघाला तेव्हा बाप त्याला स्टेशनवर सोडायला गेला नव्हता. कारखान्यातली पक्की नोकरी सोडून पोरगा गवतात राहायला निघाला, हे त्यांना पटलेलं नव्हतं. सकाळची गाडी होती. ते मागच्या शेडमध्ये काम करत बसले आणि गाडीची शिट्टी झाली तरी बाहेर आले नाहीत. आठ वर्षं त्या गोष्टीचा कोणी उच्चार केला नव्हता. "शिकार नुसतं निमित्त आहे, गेल," ती म्हणाली. 'गेल' म्हणजे तिकडचं 'कळलं ना'. "त्याला पोराकडे जायचंय. पण बंदुकीशिवाय जायचं कसं ते त्याला कळत नाही."

मग तयारी सुरू झाली आणि तो हिवाळा कसा गेला ते मला समजलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सस्कॅचवानचा नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर आत्याच्या मुरंब्याच्या बरण्या. त्या नकाशावर सरळ रेघा होत्या, उभ्या-आडव्या, आणि रेघांच्या मध्ये काही नाही. "गावं कुठायत?" हेर आयझेले विचारत. मी सांगे, हीच गावं, हे ठिपके. त्यांचा विश्वास बसत नसे. जन्मभर ते शिकारीत वाट शोधायचे ती चर्चच्या मनोऱ्यांवरून. हा मनोरा डाव्या हाताला ठेवायचा, तो उजव्या, म्हणजे घर समोर. मनोरा नाही अशा मुलखात माणूस परत कसा येतो? वेर्नरला विचारलं, तर त्यानं कळवलं की प्रत्येक रेल्वे स्टेशनाशी धान्याची उंच लाकडी कोठारं असतात, ती दहा-दहा मैलांवरून दिसतात. हेर आयझेल्यांनी वहीत लिहिलं: मनोऱ्याऐवजी कोठार. मग माझ्याकडे वळले. तुमचे आजोबा गवताळ मुलखात हिंडत होते ना, ते काय करत?

कारखान्यात मला स्क्रू आवळण्यापलीकडे कोणी काही विचारत नव्हतं. इथे एक मुकादम पेन्सिल सरसावून माझ्या आजोबांची विद्या लिहून घ्यायला बसला होता. मी सांगितलं की माळावर वारा कोणत्या कानाला लागतो ते निघतानाच ध्यानात ठेवायचं. आणि थोडं चाललं की वळून मागे बघायचं, कारण जाताना दिसणारा माळ आणि येताना दिसणारा माळ एक नसतो. "थोडं म्हणजे किती?" मी ठोकून दिलं, शंभर पावलं. वहीत नोंद झाली: दर शंभर पावलांनी मागे बघणे (हेर वाघमोडे). दुसऱ्या दिवशी मळ्यातून फिरताना मी त्यांना पाहिलं. दर शंभर पावलांनी थांबून, टाचेवर वळून, ते आपल्याच घराकडे बघत होते.

कुत्री बरोबर नेता येणार नव्हती. वेर्नरकडे त्याची कुत्री होती, पण तिला इंग्रजीच कळायचं. म्हणून हेर आयझेल्यांनी माझ्याकडून इंग्रजी हुकूम शिकून घेतले, सिट, स्टे, फेच, आणि सराव करायचा तो आपल्या म्हाताऱ्या आस्टावर. आस्टा बिचारी त्यांच्या तोंडाकडे बघत राही. तिला वाटत असावं, मालकाला काहीतरी झालंय. लीनाआत्या खिडकीतून बघून हसायची. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं. आणखी एक अडचण होती. जर्मन शिकाऱ्यांचा रिवाज असा की मारलेल्या पक्ष्याच्या चोचीत झाडाची हिरवी डहाळी ठेवायची, त्याचा शेवटचा घास म्हणून, आणि टोपी काढून क्षणभर उभं राहायचं. प्रेअरीत झाडच नसेल तर डहाळी कुठून आणायची? हा प्रश्न त्यांनी खास पत्र लिहून विचारला. वेर्नरचं उत्तर आलं की ओढ्याकाठी झुडपं आहेत, बाबा, काळजी नको, शेवटच्या घासावाचून इथे कोणी राहत नाही.

जहाजाचं तिकीट ऑगस्टअखेरचं निघालं.

जुलैच्या मध्याला, एका बुधवारी, मी सकाळची पाळी करून दुपारी घरी येत होतो. फाटकाशी पोस्टमन सायकल टेकून उभा होता आणि हेर आयझेले घेवड्याचे वेल बांधता बांधता तार हातात घेऊन उभे. इंग्रजी दिसल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "जहाज कंपनीची असेल. केबिनचं काहीतरी." हातांना माती होती, चेहऱ्यावर काळजी नव्हती. तार जीनची होती. आठ-दहा शब्द: वेर्नर मंगळवारी ट्रॅक्टरच्या अपघातात वारला, दफन शुक्रवारी, पत्र पाठवत आहे.

आता हे मराठी माणसाला सांगायला नको, पण माझी नात, जिला मराठी समजतं आणि जी उत्तर जर्मनमध्ये देते, तिला मी हे समजावायला बसलो तेव्हा घाम फुटला. आमच्याकडे मेल्याची बातमी कोणी मेल्याची म्हणून देत नसे. 'तात्या सीरियस, ताबडतोब निघा' अशी तार आली की तात्या गेले, हे तार घेणाऱ्याला, पोस्टमनला आणि शेजारच्यांना सगळ्यांना कळायचं. आई चुलीवरची भाकरी उतरवून ठेवायची, कोणीतरी एसटीची वेळ बघून यायचं, आणि गाव येईपर्यंत सगळे आपण आजाऱ्यालाच भेटायला चाललोय असं धरून बसायचे. तो खोटेपणा नव्हता. ओझं एकदम पाठीवर टाकायचं नाही, चार जणांनी मिळून हळूहळू उतरवायचं, अशी ती रीत. आजही सांगोल्याहून पुतण्याचा फोन येतो, "काका, थोरल्या काकी जरा बऱ्या नाहीयेत," आणि मी विचारतो, कधी गेली? पण ही रीत दोघांची असते. ऐकणाऱ्यानंही ती पाळायची असते. हे मला त्या बुधवारी फाटकाशी उभं असताना माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "वेर्नरला अपघात झालाय. ट्रॅक्टरचा. फार गंभीर आहे."

हेर आयझेल्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "जिवंत आहे?"

आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही. मला वाटलं होतं, ते काही विचारणार नाहीत, मटकन बसतील, मी खांद्यावर हात ठेवीन, आत्या बाहेर येईल, आणि संध्याकाळपर्यंत खरं काय ते कोणी न सांगता सगळ्यांना कळलेलं असेल. त्याऐवजी एक सरळ प्रश्न समोर येऊन उभा राहिला. माझ्या तोंडून निघालं, "जा." हो. त्या एका अक्षरासाठी मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही, आणि ते घाबरून निघालं की दयेनं, हे मला आज ऐंशी उलटल्यावरही सांगता येत नाही.

"आल्झो," ते म्हणाले. त्यांनी श्वास सोडला. तार घेऊन पुन्हा पाहिली, ट्रॅक्टर हा शब्द त्यांना ओळखू आला, आणि तिची नीट घडी करून त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "ट्रॅक्टर म्हणजे पाय. इथल्या द्राक्षवाल्याचाही पायच मोडला होता. सहा आठवडे लागतात." जेवताना आत्यानं हात जोडून वेर्नरच्या पायासाठी प्रार्थना केली. मी ठरवलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर वाटलं, सकाळी सांगू. रात्र तरी झोपतील. सकाळी मला पाळीला जायचं होतं.

गुरुवारी त्यांनी मला पोस्टात पाठवलं. 'लवकर बरा हो, मी येतोय, बाबा,' एवढी तार करायची होती. मी खिडकीशी फॉर्म घेऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी ज्याला पुरायचं त्याला बरा हो म्हणून कसं कळवायचं? आणि ती तार हातात पडल्यावर त्या जीनला काय वाटेल? मी इंग्रजीत लिहिलं की तुझ्या दुःखात आम्ही सोबत आहोत, आणि खाली नाव घातलं आयझेले. घरी येऊन सांगितलं, तार केली. तेही खोटं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी त्या घरात चोरासारखे काढले. आत्या बागेतल्या लाल, आंबट बेरींचा मुरंबा करत होती. घरभर आंबटगोड वाफ, तिची बोटं तांबडी झालेली, खिडक्यांवर माश्या. हेर आयझेले रोज सकाळी वेर्नरला चार ओळी लिहायचे, हॉस्पिटलात पडून कंटाळत असेल म्हणून, आणि पाकिटावर इंग्रजी पत्ता घालून पोस्टात टाकायला मला द्यायचे. ती पत्रं मी माझ्या ट्रंकेत ठेवत गेलो. रोज कारखान्यातून येताना मी मनाशी वाक्य जुळवायचो आणि फाटकाशी आलो की ते मला आजचा नवा बेत सांगायचे. वेर्नरला फार चालवणार नाही, गाडीतून शेताच्या कडेपर्यंत नेऊ, तो बसून नेम धरील, कुत्रीबरोबर मी फिरेन आणि पक्षी त्याच्या बाजूला उठवीन. ते इतकं बोलायला लागले होते की आत्या मला म्हणाली, "पोरगा पडला तेव्हा बापाची जीभ सुटली. असंही असतं बघा." त्यांना कसला आनंद झाला होता ते मला दिसत होतं. आपण मुलाच्या उपयोगी पडणार, हा तो आनंद होता. तो मला मोडवत नव्हता, आणि प्रत्येक दिवसाबरोबर तो मोडणं आणखी अवघड होत होतं.

बसून नेम धरायचा तर आसन हवं. म्हणून त्यांनी शेडमध्ये एक तिवई करायला घेतली. घडीची, तीन पायांची, वर चामड्याचं आसन आणि पुढे एक आडवी पट्टी, तिच्यावर प्लास्टरमधला पाय ठेवायचा. लाकूड ॲशच्या झाडाचं. पाय त्यांनी स्वतःच्या छोट्या लेथवर काढले, इतके गुळगुळीत की हात फिरवत राहावं. मी लाकूड धरत होतो, ते भोकं पाडत होते. दुसऱ्या गुरुवारी ती जोडून झाली.

"बसा," ते मला म्हणाले. "वेर्नर तुमच्याच उंचीचा आहे."

मी बसलो.

"पाय पुढे करा. डावा. आता उजवा. कोणता मोडलाय ते तिनं लिहिलं नाही, तेव्हा दोन्हीकडून जमलं पाहिजे." ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. कानाला पेन्सिल, हातात मोजपट्टी. माझी टाच त्यांनी आपल्या तळहातावर घेतली आणि अलगद पट्टीवर टेकवली, जणू ती खरोखरच दुखत होती. "फार उंच होतंय का? रग लागेल का त्याला?"

त्या दिवशी दहावा होता. हे त्या घरात फक्त मलाच माहीत होतं. आमच्याकडे असतं तर एव्हाना नदीवर सगळं होऊन गेलं असतं, कावळा शिवला असता, माणसं घरी येऊन जेवायला बसली असती. मी म्हणालो, "हेर आयझेले, वेर्नर गेला. वेर्नर मेलाय."

त्यांनी मान वर केली नाही. पेन्सिलीनं पट्टीवर खूण करायची राहिली होती, ती केली. मग विचारलं, "कधी?"

"मंगळवारी. मागच्या आठवड्यातल्या. तार आली त्याच्या आदल्या दिवशी."

त्यांनी खिशातून तार काढली. इतके दिवस बाळगून तिच्या घड्या मऊ पडल्या होत्या. "वाचा. एकेक शब्द. आधी इंग्रजी, मग जर्मन." मी तिवईवर बसूनच वाचली. एकेक शब्द म्हणत गेलो, ते मान हलवत गेले. शुक्रवार या शब्दाशी त्यांनी हात वर केला. "थांबा. शुक्रवारी पुरलं?"

"जा."

"शुक्रवारी मी काय करत होतो?" ते मला विचारत नव्हते. पण मला माहीत होतं. शुक्रवारी ते आस्टाला घेऊन मळ्यात गेले होते आणि तिनं पहिल्यांदा 'स्टे' म्हटल्यावर बसून दाखवलं, म्हणून घरी येऊन हसत सुटले होते. "आणि माझी तार?"

मी सांगितलं, ती पाठवली नाही, दुसरी पाठवली. शोकाची. तुमच्या नावानं.

"माझ्या नावानं." ते उठायला लागले. लेथचा आधार घेऊन उभे राहिले. "म्हणजे माझ्या मुलासाठी माझ्या नावानं तुम्ही रडलात. आणि मी ही तिवई करत होतो."

मी म्हणालो, आमच्याकडे अशीच रीत आहे. धक्का बसू नये म्हणून हळूहळू सांगतात. माझं जर्मन त्या दिवशी मोडकं झालं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हळूहळू," ते म्हणाले. "हेर वाघमोडे, तो निघाला तेव्हा मी स्टेशनवर गेलो नव्हतो. ते मी केलं, ते माझं. पण शुक्रवारी मी काळा सूट घालून या घरात उभा राहिलो असतो. तेवढं मला करता आलं असतं. ते तुम्ही मला करू दिलं नाहीत." मग ते अंगणातून स्वयंपाकघराकडे चालत गेले, आणि थोड्या वेळानं आत भांडं पडल्याचा आवाज आला. लीनाआत्याच्या हातातलं असणार. मी तिवईवरून उठलो नाही. उठून कुठे जायचं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते काळा सूट घालून पाळकाकडे गेले आणि अकरा वाजता वेर्नरसाठी घंटा वाजवून घेतली. मी कारखान्यातून तासाभराची सुट्टी घेऊन चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. येऊ नका असं कोणी म्हणालं नाही. त्या संध्याकाळी मी ट्रंकेतली आठ पत्रं आत्याच्या हातात दिली. तिनं मोजली, ॲप्रनच्या खिशात घातली आणि मला विचारलं, बटाटे वाढू का. हेर आयझेले माझ्याशी पूर्वीसारखेच वागत होते. सकाळी गुटन मॉर्गन, जेवताना मीठ पुढे सरकवणं, सारं तसंच. मी मनाशी म्हणू लागलो, हळूहळू निवळेल.

सोमवारी कॅनडाहून जाडजूड पाकीट आलं. मी घरीच होतो, वरच्या खोलीत, दार उघडं ठेवून. पोस्टमनची घंटा ऐकली, फाटक ऐकलं, मग जिन्याखाली हेर आयझेल्यांची पावलं. मी उठलो, हात धुतले, सदऱ्याची बटणं लावली आणि पायऱ्या उतरलो. ते खुंटीवरची हॅट काढत होते. पाकीट न फोडलेलं, त्यांच्या हातात. त्यांनी मला पाहिलं, मान लववली आणि बाहेर पडले. खिडकीतून मी बघत राहिलो. ते उतारावरून खालच्या आळीत गेले आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दुकानात शिरले. त्या औषधवाल्याला शाळेतलं इंग्रजी येत होतं. ते त्याच्याशी एरवी बोलतसुद्धा नसत.

जीननं काय लिहिलं होतं ते मला कधीच कळलं नाही. ऑगस्टअखेर ते गेले, तिकीट होतं तसं, बंदूक न घेता, आणि ऑक्टोबरात परत आले. त्यासाठी लागलेली सगळी इंग्रजी पत्रं औषधवाल्यानं लिहिली. मी आणखी दीड वर्ष त्या घरात राहिलो. मला कोणी जा म्हटलं नाही, कॉफीही तशीच दळली जायची. कॅनडाचं पत्र आलं की हेर आयझेले हॅट घालायचे.

एकदा न राहवून मी लीनाआत्यापुढे बोललो. ती मटार सोलत होती. मी म्हणालो, त्यांचा माझ्यावरचा राग जाणार कधी?

"राग?" ती म्हणाली. "हा नोय, छे. रागावलेला नाही तो. तुम्हाला चांगला माणूसच म्हणतो. फक्त पत्रात काय लिहिलंय ते त्याला कळायला हवं असतं."